गोगलगाय, एक नग

जागा: शाळेच्या मागे

तिसरीच्या बाईंचा जीव त्या जागेत अडकला होता. जागा म्हणजे फार काही नाही. वर्गाएवढा मातीचा तुकडा, एक वाकडं झाड, फुटक्या कुंड्या, काही सुट्या विटा, थोडं गवत. वर्षभर दर मंगळवारी बाई मुलांना तिथं नेत, पानं मोजायला लावत, माती हुंगायला लावत. मोठ्या सरांना मात्र तिथं फरशी हवी होती. फरशी धुता येते, आणि फरशीवर मुलं रांगेत उभी राहतात. मातीत राहत नाहीत, हा सरांचा अनुभव होता.

शेवटी प्रकरण वर गेलं. उत्तर आलं की तपासणीच्या मॅडम येऊन बाहेरचा तास बघतील. मुलं तिथं खरंच काही शिकत असतील तर माती राहील, नसतील तर फरशी. फरशीवाला माप घेऊनही गेला होता.

तारीख: आदल्या दिवशीची

घोळ झाला तो सोमवारी. सर वर्गात आले आणि निरीक्षण तक्त्यांच्या गठ्ठ्याकडे त्यांनी संशयानं पाहिलं.

"हे उद्या बाहेर भरणार?"

"हो सर. मुलं बघतील आणि लिहितील."

"मांडीवर कागद ठेवून? मातीच्या हातांनी? असलं अक्षर मॅडमपुढे ठेवायचं?" सरांनी गठ्ठा बाईंकडे सरकवला. "आजच भरून घ्या. उद्या नुसतं बघायचं."

बाईंनी वाद घालायला तोंड उघडलं होतं. पण अक्षराबद्दल सरांचं काही खोटं नव्हतं, आणि उद्याच्या धास्तीनं बाईंची पाचावर धारण बसली होती. त्यांनी खडू उचलला.

काय पाहिलं? किती?

मुंग्या, पाच. फुलपाखरं, दोन. गोगलगाय, एक.

एकतीस मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. गोगलगाय मध्येच कुठून आली, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. तक्ता जरा भरल्यासारखा वाटावा, एवढंच.

पहिल्या बाकावरच्या मुलीला सगळी शाळा शंकाताई म्हणायची. तिनं हात वर केला.

"बाई, उद्या सहा मुंग्या निघाल्या तर?"

"पाचच बघायच्या."

"आणि सहावी?"

"तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

शंकाताई खाली बसली, पण चेहरा पटल्याचा नव्हता.

काय ऐकलं?

"ए, तिसरं फुलपाखरू आलं. हाकल त्याला."

"मुंग्या पाच झाल्या. पान आडवं लाव, बाकीच्या येतायत."

"गोगलगाय मिळाली?"

"नाही रे. हे बघ, खूप पायांचं काहीतरी मिळालं."

"तक्त्यात नाहीये ते. ठेव परत."

मंगळवारी मॅडम आल्या तेव्हा हे असं चाललं होतं. एकतीस मुलं भरलेले तक्ते हातात घेऊन, तक्त्यात आहे तेवढंच जगात ठेवायच्या मागे लागली होती. गोगलगायीपायी एकही वीट जागेवर राहिली नव्हती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग शंकाताईजवळ वाकल्या.

"तो किडा परत का ठेवला गं?"

"आधी गोगलगाय सापडायला हवी. ती आम्ही पाहिलीय ना."

"कधी?"

"काल."

"कुठं?"

"फळ्यावर."

सरांना एकदम खोकल्याची उबळ आली. खोकता खोकताच ते बाईंना हातानं खुणा करू लागले. अर्थ बहुधा ‘काहीतरी सांगा’ असा होता. आणि बाईंना सांगताही आलं असतं. काल चित्र दाखवलं होतं, पोरं लहान आहेत, गोंधळतात. शंकाताई त्यांच्याकडेच बघत होती.

"तिचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तक्ते काल वर्गात भरले. मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. पाहिलं कुणीच काही नाही."

सूचना: खाडाखोड करू नये

"मग खोडा," मॅडम म्हणाल्या.

मुलांनी आधी सरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी मान हलवली. त्यानंतर कुणी कुणाला आवरेना. मांडीवर, विटेवर, एकमेकांच्या पाठीवर ठेवून मुलं लिहीत सुटली.

*पाय बेचाळीस. दोनदा मोजले. तो हलतो.*

*एक मुंगी पंख ओढत होती. दुसरी आली. भांडली की मदत केली ते कळलं नाही.*

*विटेखाली वीट सोडून सगळं ओलं आहे.*

*सहावी मुंगी पाहिली. मग मोजणं सोडलं.*

*सर खोकले. थांबले. परत खोकले.*

शेरा

मॅडमनी लाल शाईनं लिहिलं: "मुले शिकत आहेत. मात्र गोगलगायीच्या नोंदीची खात्री झालेली नाही. ती होईपर्यंत जागेत कोणताही बदल करू नये."

सर कागदाचा माणूस. नोंद अर्धवट राहिली की त्यांना जेवण जात नसे, त्यात फरशीचंही घोडं तिथंच अडलेलं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तेच मागे जाऊ लागले. बुधवारी त्यांनी कुंड्या फूटपट्टीनं हलवून पाहिल्या. गुरुवारी हातानं. शुक्रवारी बाह्या वर करून उकिडवे बसले. बाई खिडकीतून बघायच्या आणि सापडू नये म्हणून मनातल्या मनात विनवण्या करायच्या.

शनिवारी सरांनी हात करून त्यांना बोलावलं. बाई धावतच मागे गेल्या.

"सापडली?"

"हळू बोला," सर म्हणाले. "इथं बसा."

भिंतीवर सात-आठ मुंग्या मेलेली माशी वर चढवत होत्या. कडेपर्यंत नेत, आणि माशी निसटून खाली पडे. सगळ्या पुन्हा खाली. बाई शेजारी बसल्या. सुट्टी संपून दहा मिनिटं होऊन गेली. सरांची खूण मिळाल्याशिवाय घंटा द्यायची नाही असा नियम असल्यामुळे शिपाईमामा घंटेपाशी हात वर धरून ताटकळत होते आणि अख्खी शाळा मैदानात हुंदडत होती.

सरांचा फोन वाजला. फरशीवाला होता.

"नाही हो, आज नको," सर दबक्या आवाजात म्हणाले. "काम चालू आहे इथं... तुमचं नव्हे... अहो, सोमवारचंही नका विचारू. ठेवा आता, चौथ्यांदा चढतायत."