खडीतली चार अंडी

सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी उतरत्या विमानाला पक्षी धडकला. चाके टेकायच्या जरा आधी, डाव्या बाजूला, असे वैमानिकाने कळवले. विमान सुखरूप थांबले. एकशे बारा प्रवासी उतरले; बहुतेकांना काही कळलेही नाही.

धावपट्टीवरचे पक्षी हाकायला नेमलेला माणूस तेव्हा जीपमध्ये होता. विमानतळावर सगळे त्याला बुजगावणं म्हणत. एकवीस वर्षांत त्याला त्याचे काही वाटेनासे झाले होते. साडेसातच्या फेरीनंतर त्याने नोंदवहीत लिहिले होते : पट्टी मोकळी, पक्षी नाहीत.

पक्षी होता.

पट्टीच्या कडेपासून तीस पावलांवर, खडीतल्या खळग्यात, एक टिटवी अंडी उबवत होती. घरटे दिसले की त्याच दिवशी कळवायचे आणि काढायचे, असा नियम. तिची मागची दोन घरटी त्याने मुकाट्याने काढली होती. यंदा हात धजला नाही. जीपचे चाक जाऊ नये म्हणून त्याने खळग्याभोवती चार दगड मांडले आणि गवत कापणाऱ्याला ठोकून दिले, "तिकडे खालून केबल गेलीय. मशीन नेऊ नकोस."

जीप दिसली की टिटवी उडे. तो पायी गेला तर उडत नसे. दुपारी तो कुंपणाशी डबा उघडी आणि बुटाच्या टाचेने माती उकरी. किडे वेचायला ती हातभर अंतरावर येई. कुंपणाखालून कुत्रे शिरले तर आधी तीच ओरडे. "माझी बिनपगारी असिस्टंट," तो घरी सांगे. बायको म्हणे, "तिचं कौतुक मी रोज ऐकते. माझं कधी तिला सांगता का?"

पावणेनऊला तो आणि पर्यवेक्षक पट्टीवर वाकून उभे होते. पर्यवेक्षक वयाने मुलासारखा. डांबरावर रक्त, थोडी काळी-पांढरी पिसे. आणखी काही उरले नव्हते.

"कुठला पक्षी, काका?"

"पिसं पाठव तपासायला."

"पाठवतो. दहा दिवस लागतात. तुम्हाला काय वाटतं?"

तो पिसे वेचू लागला.

"काका, मला वर एवढंच सांगायचंय, बाहेरून उडत आला की आपल्याकडे राहत होता. बाहेरून आला असेल तर विषय मिटला. किती राहिलीय नोकरी तुमची?"

"चौदा महिने."

"मग?"

पिसे पिशवीत भरून त्याने गाठ मारली. टिटव्या आळीपाळीने अंड्यांवर बसतात. नर-मादी दिसायला सारखेच. एक गेली असेल, तर मागे राहिलेली टिटवी अंडी सोडणार नव्हती. दिवसभर पट्टी ओलांडत राहणार होती. पुढचे विमान नऊ वीसला होते, भरलेले.

"घरटं आहे," तो म्हणाला. "बावीस दिवस झाले."

"बावीस? अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो! त्यासाठीच पगार घेतो ना मी?"

आठ अठ्ठावन्नला ते खळग्यापाशी पोचले. वर कोणी बसलेले नव्हते. चार अंडी, टोके आत करून. त्याने गुडघे टेकले आणि एका अंड्याला बोट लावले.

"गरम आहे?"

"आहे."

"म्हणजे आत्ताच उठून गेली असेल. ती वाचलीय, काका."

"ऊन आलंय. खडीपण गरमच आहे."

पर्यवेक्षकाने घड्याळ पाहिले, मग दगड पाहिले. "उचला. कुंपणापलीकडे ठेवा. मी 'काढली' एवढंच लिहीन." खिशातून पेन काढत म्हणाला, "बाकीचं मात्र सगळं लिहावं लागेल."

"लिही."

त्याने अंडी टोपीत घेतली. कुंपणाबाहेर, दोनशे पावलांवर, टाचेने खळगा केला आणि ती त्यात तशीच मांडली.

नऊ वीसचे विमान वेळेवर उतरले. दहाला त्याने फाटकावर पास जमा केला; चौकशी होईपर्यंत घरी बसायचे होते. तो घरी गेला नाही. कुंपणाला वळसा घालून नव्या खळग्यापासून बऱ्याच अंतरावर थांबला. बायकोचा फोन आला. "जेवायला येताय ना?" "बघतो," तो म्हणाला.

साडेदहाला एक टिटवी आली. कुंपणावरून दोन घिरट्या घातल्या, ओरडली, आणि जुन्या, रिकाम्या खळग्यात जाऊन बसली. जोडीतली कोणती, हे इतक्या लांबून त्याला सांगता येईना. त्याने तारेला धरून हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. ती उठली नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी पुढच्या विमानाचा आवाज आला. जीप पर्यवेक्षक स्वतः चालवत होता. भोंगा वाजवत ती चार दगडांच्या रोखाने निघाली होती. टिटवी अजून बसलेली होती.