दामिनीच्या तोंडाचा स्कार्फ

मी एक सुती स्कार्फ बोलतोय. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. आजवर दुसऱ्याचे बोलणे दाबण्यातच माझा जन्म गेला, म्हणून आज थोडे बोलू द्या.

बाळापूरच्या बाजारात मी एका दोरीवर लटकत होतो. चैत्राचे ऊन होते. आमच्याकडच्या पोरी अशा उन्हात डोळे तेवढे उघडे ठेवून हिंडतात. भाजी विकणाऱ्या शकुनबाईंनी मला बोटांत चोळून पाहिले आणि आपल्या नववीतल्या मुलीच्या हातात दिले. "घे दामिनी. आता उन्हानं काळी पडली म्हणून रडू नको."

रोज सकाळी आई तिच्या केसांना चोपून तेल लावायची, दोन वेण्या घालायची. मग मी. कपाळावरून एक वेढा, नाकावरून एक, मागे घट्ट गाठ. सायकलवरून शाळेत जाईपर्यंत मी ऊन, धूळ सगळे अंगावर घ्यायचो. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

पावसाळ्यात तिच्या गालांवर पुटकुळ्या आल्या. दुपारपर्यंत कपाळ तेलाने चकाकायचे. तिची मैत्रीण रागिणी एकदा हसत म्हणाली, "दामिनी, तुह्या कपाळावर पापड तळता येईन वं!" दामिनीही हसली. पण त्या दिवसापासून ती मला सावलीतसुद्धा सोडेना.

ही मुलगी बोलायला लाजाळू, पण हाताने हुशार. आईची उरलेली भाजी दुपारी सुकते हे पाहून तिने विटा, वाळू आणि ओल्या गोणपाटाची एक पेटी बनवली. त्यात मेथी दोन दिवस ताजी राहायची. दिवाळीनंतर अकोल्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती पेटी निवडली गेली. तिथे दामिनी मला बांधूनच टेबलामागे उभी होती. माहिती सांगितली रागिणीने.

पुढचे प्रदर्शन अमरावतीला होते. तिथे ज्याने वस्तू बनवली त्यानेच, एकट्याने, समजावून सांगायचे होते.

"सर, रागिणीलेच पाठवा न," दामिनी माझ्या आडून विज्ञानाच्या सरांना म्हणाली.

"पाठवतो. मग पेटीवर नावही रागिणीचंच लिहू का?"

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "दोन महिने हायेत. चेहरा साफ करतो अन् मीच जातो."

मग तिने चेहऱ्याशी युद्धच मांडले. अंगाच्या साबणाने दिवसातून सहा वेळा धुणे. लिंबात खायचा सोडा कालवून घासणे. गाल लाल झाले, आग होऊ लागली, आणि तासाभरात पुन्हा तेल. मी त्या सोललेल्या गालांवर टेकायचो तेव्हा ती दात आवळायची.

एक दिवस गावातल्या आशा सेविका बेबीताई घरी आल्या. तिचा चेहरा पाहून त्यांनी विचारले, "काय काय लावून राहिली वं?" दामिनीने सगळे सांगितले. बेबीताईंनी खुंटीवरून मला काढले, नाकाजवळ नेले आणि चटकन दूर धरले.

"तोंड सहा वेळा धुतं. अन् हे फडकं कधी धुतलं?"

दामिनीने आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे.

"दिवाळीत धुतलं वाटते," आई म्हणाली.

मला अंग चोरून घ्यावेसे वाटले. मी रक्षण करतो अशा तोऱ्यात होतो, आणि केसांचे तेल, कालचा घाम, रस्त्याची धूळ रोज तिच्याच गालांवर नेऊन ठेवत होतो.

"लिंबू पोह्यावर पिळ, तोंडावर नको," बेबीताई म्हणाल्या. "सौम्य साबण, दोन वेळा, बस. घासायचं नाई, फोडायचं नाई. मुलतानी माती पाण्यात कालवून आठवड्यातून एकदा, तेही आग थांबल्यावर. तडकेपर्यंत ठेवू नको. शाळेत जातानी तेल बंद. हा स्कार्फ रोज धू. अन् दुखतच राहिलं त सरळ दवाखान्यात ये."

"बिनतेलाचे केस? पोरगी भुतावाणी दिसन!" आई म्हणाली.

"दिसू दे," दामिनी म्हणाली. इतक्या ठाम आवाजात तिला बोलताना मी प्रथमच ऐकले.

पहिल्या पंधरा दिवसांत तीन पुटकुळ्या नव्याने आल्या. ती रडली, पण लिंबाला हात लावला नाही. शाळेतून आली की आधी तोंड धुवायची, स्वच्छ पंच्याने नुसते टिपायची, मग मला घेऊन मोरीवर बसायची. मला चोळत चोळत ती पेटीची माहिती पाठ करायची. "गोणपाटातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते..." फेसात बुडालेल्या मलाही ते पाठ झाले.

अमरावतीला प्रदर्शनाच्या सभागृहाच्या दारातच तिने माझी गाठ सोडली. गाल शांत झाले होते. पण हनुवटीवर दोन पुटकुळ्या होत्याच. एक तर त्याच सकाळी उगवलेली.

"थोडी पावडर लावू का वं?" आईने हळूच विचारले.

"नको." तिने मला आईच्या खांद्यावर टाकले.

परीक्षक बाई समोर आल्या. दामिनी काहीतरी पुटपुटली. "बेटा, ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या. तिचा हात सवयीने नाकाकडे गेला. तिथे मी नव्हतो. तिने तो हात खाली घेतला, गोणपाटावर पाणी शिंपडले आणि पुन्हा सुरुवात केली.

"ही पेटी मी बनवली. माझं नाव दामिनी."

तिचा नंबर आला की नाही, ते मला कळले नाही. तोवर मी आईच्या पिशवीत, भाकरीच्या डब्याखाली होतो. पण तिथपर्यंत तिचे शब्द स्वच्छ येत होते.

आता मी विरलो आहे, ठिपके पुसट झालेत. माझ्या जोडीला आणखी एक स्कार्फ आला आहे, आम्ही आळीपाळीने कामावर जातो. माझे थोडेच दिवस उरलेत, म्हणून एवढेच सांगतो. पोरींनो, उन्हात आम्हाला जरूर बांधा. रोज धुवा. आणि सावलीत आलात की गाठ सोडा. तुम्हाला काय म्हणायचे आहे ते ऐकायला समोर कुणीतरी उभे असते.