मॅगीच्या खाडीतलं तिसरं वठलेलं झाड

मी एक होडी. पत्र्याची, चार माणसांची. आज मी बोलणारच, कारण या गळ टाकणाऱ्या माणसांपुढे मी हात टेकलेत!

टाउन्सव्हिलजवळच्या एका शेडमध्ये मला घडवलं. तिथून निवृत्त पोस्टमन नेव्हिल क्विनलननं मला घरी आणलं. माणूस अगदी भोळा सांब. मासेमारीबद्दल कुणीही काहीही सांगावं आणि यानं ते खरं मानावं. होडीत केळं असलं की मासा लागत नाही, असं कुणीतरी म्हणालं. झालं! बायकोनं, मॅव्हिसनं, डब्यात दिलेलं केळं हा काठावरच ठेवून यायचा. आमिषाला बडीशेपेचं तेल लाव, असं दुसरा म्हणाला. तीन आठवडे मी मुखवासाच्या डबीसारखी दरवळत होते. जिताडा मात्र एकही लागला नाही.

आमिषाच्या दुकानात लेस्टर प्रॅट बसायचा. "मासे कुठे लागतायत?" म्हणून नेव्हिल रोज त्याचं डोकं खायचा. एकदा लेस्टर कंटाळला. इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला बोलू नकोस हं. मॅगीच्या खाडीत आत जा. तिसरं वठलेलं झाड. ओहोटी लागली की टाक गळ."

शुद्ध थाप! आयत्या वेळी सुचलेली.

आम्ही गेलो. ओहोटी लागली, पाणी निघून गेलं आणि मी चिखलात बसले. समोरच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती. सहा तास नेव्हिल माझ्यात पाय पोटाशी घेऊन बसला. भरती आली तेव्हा कुठे सुटलो.

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर सगळ्यांनी त्याला घेरलं.

"काय मिळालं रे?"

"चिखल. दुसरं काही नाही. तिकडे जाऊ नका, मगर आहे."

सगळे एकमेकांकडे बघून हसले. "बघ, जागा कशी लपवतोय! मगरीची भीती घालतोय!"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा खऱ्या मानणारा बिचारा आता स्वतः खरं बोलत होता, तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवीना. तो जितका शपथा घेई, तितकी त्यांची खात्री पटे. चार दिवसांत त्या खाडीतला जिताडा मीटरभर लांब झाला.

आणि हे कुणाला पटावं? खुद्द लेस्टरला! जागा त्यानंच रचलेली. पण त्याच्या मनात आलं, 'आपण आपलं सहज बोललो, पण बोलाफुलाला गाठ पडली असेल तर?'

शनिवारी दुपारी मॅव्हिस बाजारातून आली. "लेस्टरचं दुकान बंद आहे. आणि त्याची होडीही दिसत नाही."

नेव्हिल ताडकन उठला. "ओहोटी लागलीय, मॅव्हिस!"

आम्ही पोचलो तेव्हा लेस्टरची होडी चिखलात कलंडली होती. ती ढकलायला उतरलेला तो कमरेपर्यंत रुतला होता. समोरच्या काठावरची मगर आता पाण्यात होती.

"नेव्हिल, जवळ येऊ नकोस, तूही अडकशील!" लेस्टर रडत ओरडला.

"गप्प बस आणि आडवा हो!" नेव्हिलनं माझ्या नांगराचा दोर त्याच्याकडे फेकला. त्याला कधी आवाज चढवताना मी ऐकलं नव्हतं. लेस्टरनं दोर काखेखालून बांधला. मी उरल्यासुरल्या पाण्यात इंजिनाचा जोर लावला. कालवं चिकटलेल्या खडकावर माझा तळ टराटरा फाटला, पण मी ओढत राहिले. शेवटी तो चिखलावरून पोटावर घसरत आला आणि माझ्यात येऊन पडला. एक बूट मात्र चिखलातच राहिला.

नेव्हिल डब्यानं पाणी उपसत होता. मला वाटलं, आता तरी लेस्टर माफी मागेल.

लेस्टरनं तोंडावरचा चिखल पुसला, जवळ सरकला आणि हळूच विचारलं, "नेव्हिल, आता तरी खरं सांग. आमिष कुठलं लावलं होतंस?"

माझा तळ डागडुजीपलीकडे गेलाय. नेव्हिलच्या अंगणात मी पालथी पडलेय. सुतार, वायरमन, पाद्री, जो येतो तो चहा घेता घेता माझ्याजवळ वाकतो, पत्र्यात अडकलेला वाळका चिखल नखानं खरवडतो, हुंगतो आणि डोळे बारीक करून मान हलवतो.

बाबांनो, तो नुसता चिखल आहे!