मनगटाचं हाड बोलतंय

मी लुपेच्या उजव्या मनगटाचं हाड. कुणी विचारलं नाही, तरी बोलतोच आहे, कारण मला राग आलाय.

आईच्या पोटात मी घडलो तेव्हाच माझ्या घडणीत वंशातली एक चूक उतरली. वरून धडधाकट, आतून भुसभुशीत. आमच्या टोंगाच्या बेटांवर हे कुणाला पटावं? इथली माणसं जाडजूड हाडांची, आणि त्याचा त्यांना तोरा.

लुपेच्या थोरल्या भावाचं लग्न ठरलं. आहेराला झाडाची साल ठोकून केलेलं कापड हवं. बाया लांब ओंडक्याभोवती बसून लाकडी मोगरीनं साल ठोकू लागल्या. चौथ्या दिवशी मी तडकलो. लुपेनं मोगरी खाली ठेवली.

"अंग चोरतेस होय गं?" वाईसिओआ आत्या म्हणाली. "आपल्या घराण्यात हाडं मोडत नाहीत."

आमच्याकडे आत्याचा शब्द शेवटचा. बाप तर बहिणीपुढे मानही वर करत नाही. तेल चोळलं, आणि पोरीला पुन्हा बसवलं. मग मी पुरता मोडलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, घरच्यांचं रक्त तपासलं. "हाडं विरळ आहेत. वंशातून आलंय हे."

"आईकडून असणार," आत्या म्हणाली. "तिच्या बेटावरची माणसंच मेली काटकुळी."

"नाही. बापाकडून आलंय."

आत्या म्हणाली, "यंत्र बिघडलंय तुमचं. प्लास्टर निघालं की बसव गं हिला, सेइनी."

सेइनी म्हणजे लुपेची आई. या घरात तिला आवाज नव्हता. घरी येताच तिनं लेकीची मोगरी उचलली आणि नणंदेपुढे धरली.

"वन्सं, आज तुम्ही ठोका. घराण्याचं हाड दिसू दे सगळ्यांना."

बाया खाली बघून हसल्या. आत्यानं हात पुढे केला, आणि बाही वर सरकली. मनगट वाकडं सांधलेलं होतं. माझ्याच जागी. तिनं मोगरी घेतली नाही. बाही ओढून घेतली.

म्हणजे हिला ठाऊक होतं.

आता मी प्लास्टरमध्ये आहे. सांधेन, पण वाकडाच. बाई, तुझं मोडलं तेव्हा तुलाही कुणी कामचोर म्हटलं असेल. तू दात आवळून ठोकत राहिलीस, त्याचं मला वाईट वाटतं. पण या पोरीला तू तेच करायला लावलंस, ते मी विसरणार नाही. तिच्या पोटी लेक आली आणि दुखतंय म्हणाली, तर निदान तेव्हा तरी बाही वर कर.