मधल्या पट्ट्यातले दगड

दादाने आयुष्यभर देखणे दगड गोळा केले, आणि तिथेच माती खाल्ली. हे धाकट्या बहिणीच्या लक्षात आलं तेव्हा तो सत्तरीला टेकला होता आणि त्याच्या पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला निघाली होती.

दोघंही भूशास्त्राची, दोघंही एकाच बंद खाणीच्या नादी लागलेली. ग्रॅनाइटच्या उरल्यासुरल्या तप्त रसातून थिजलेली एक जाड शीर त्या खाणीत आहे, पेग्मटाइट म्हणतात तिला. कडेला टूर्मलीन या खनिजाचे स्फटिक कोळशासारखे काळे, लोखंडाने भरलेले. गाभ्यात तेच टूर्मलीन हिरवं, गुलाबी; लोखंड संपत आलेलं आणि लिथियम शिरलेलं. दादाने दोन्ही ठिकाणचे स्फटिक मोजले, आकड्यांत मोठी उडी दिसली, आणि त्याने ठोकून दिलं की रस दोनदा आला. आधी एक थिजला, मग मागाहून दुसरा घुसला. एवढ्या एका दाव्यावर त्याला मान मिळाला, खुर्ची मिळाली, माना डोलावणारे शिष्य मिळाले.

नव्या आवृत्तीसाठी त्याने बहिणीकडे ताजी मोजमापं मागितली. ती खाणीत उतरली आणि कुणी करत नाही ते तिने केलं. कडा आणि गाभा यांच्या मधल्या पट्ट्यातले स्फटिक तिने फोडून काढले. किरटे, तडकलेले, ना धड काळे ना धड हिरवे. असले दगड कुणी काचेच्या कपाटात मांडत नाही. दादाने तर पूर्वी ते बुटाने बाजूला सारले होते. शास्त्र शास्त्र म्हणून गळा काढणारे लोकही डोळ्याला बरं दिसेल तेवढंच उचलतात, आणि त्यालाच निसर्ग म्हणून मोकळे होतात.

प्रयोगशाळेत तिने त्या दगडांच्या पातळ चकत्या कापल्या, आरशासारख्या घासल्या आणि यंत्रात सरकवल्या. सोबतीला पंपाची घरघर तेवढी. आकडे येत गेले तसे ती वहीत उतरवत गेली. लोखंड हळूहळू उतरत होतं, ॲल्युमिनियम हळूहळू चढत होतं, मँगनीज मध्येच वर जाऊन खाली येत होतं. उडी कुठेच नव्हती. एकच रस बाहेरून आत थिजत गेला आणि थिजता थिजता बदलला.

हे दादाला सांगायचं कसं? तिच्या दोन खोल्यांत तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. इमारतीतल्या बायका जिन्यात भेटल्या की "एकट्याच का हो?" एवढं विचारून आपापल्या कुकरकडे पळत. रविवारी दादाचा फोन यायचा, तेवढीच काय ती माणसाशी बोलाचाली.

"काय ठके, जेवलीस का?"

"जेवले."

"थापा मार. बिस्किटं खाल्ली असशील उभ्या उभ्या. आकडे झाले?"

"झाले. दादा, रस एकच होता."

पलीकडे तो हसला. "यंत्र तपासून घे आधी. लिथियम दिसतं तरी का तुझ्या यंत्राला?"

"नाही दिसत. स्फटिकात बाकीची मूलद्रव्यं मोजून उरलेल्या जागेवरून हिशेबाने काढलं. तूही तसंच काढलं होतंस."

"मग लोखंड?"

"लोखंड दिसतं. ते एका रेषेत उतरतंय. मधल्या पट्ट्यातले स्फटिक तू घेतलेच नव्हतेस."

"तो कचरा होता."

"तो कचरा मी मोजला."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ ठके. कदाचित ते दगड दुसऱ्या शिरेतले असतील. खाणीत होते असली गफलत. तू एवढं म्हण, मी पुस्तकात तेवढंच लिहितो. विषय संपला."

मोजमापं सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे काही मागत होता. एक वाक्य, तेही कुणी पडताळायला जाणार नाही असं. होय म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी पुन्हा बिस्किटांवरून बोलणी खाता आली असती.

"त्याच शिरेतले आहेत, दादा. भिंतीतून मी माझ्या हाताने काढलेत."

"मोठी शहाणी झालीस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्यापुढचाही. आवृत्ती निघाली, जुनाच दावा घेऊन, आणि आभाराच्या यादीतून तिचं नाव गाळून. तिने आपला लेख वेगळा लिहिला. त्यासाठी उरलेल्या चकत्या मोजल्या तेव्हा सगळे बिंदू रेषेवर असे चपखल बसले की ती खुर्चीतून उठलीच. असं आयुष्यात एकदा दिसतं. ते बघून ज्याच्या अंगावर काटा आला असता असा एकच माणूस तिला ठाऊक होता.

तिने त्याला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. त्याने फोन कापेपर्यंत ती पडद्यावरच्या रेषेकडे बघत उभी राहिली.