सालीसकट अकरा पक्षी

माझ्या डोळ्याला पट्टी होती, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंनी माझं झाड तोडलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, दोन दिवसांनी परतले, तर खिडकीखाली नुसता बुंधा आणि बाजूला फांद्यांचा ढीग. वाळुंजाचं झाड होतं, आमच्या ह्यांनी लावलेलं. हे गेल्यावर मला तेवढीच सोबत उरली होती. जाऊबाईंचं म्हणणं, पानांनी त्यांची पन्हळ तुंबते. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "एका डोळ्याने बघते आहेस, म्हणून जास्त दिसतंय तुला."

घर एकच, मधून भिंत, अंगण अर्धं अर्धं. झाड माझ्या अर्ध्यात होतं. पण भांडले असते तर गल्लीला फुकटचा तमाशा. मी गप्प बसले आणि डूख धरला.

पंधरा दिवसांनी त्याच माझ्या दारात उभ्या. होळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे मुलीच्या सासरची माणसं यायची होती. अंगणात काठ्यांवर बसवलेले लाकडी पक्षी हवे होते, कुठल्याशा मासिकात होते तसे, ओबडधोबड, सालीसकट. मी सुताराची मुलगी, आणि लाकूड तर काय, पडलेलंच आहे. जखमेवर मीठ चोळायचं, तेही माझ्याच हातांनी.

मी हो म्हणाले. इतकी पटकन, की त्यांनीच विचारलं, रागावली नाहीस ना?

माझे वडील सांगायचे, वाळुंजाची काठी जमिनीत रोवायची तर आधी सोलायची आणि टोक जाळायचं. नाहीतर ती काठी नाही, रोप आहे. सावलीतल्या ढिगात फांद्या अजून ओल्या होत्या. नखाने खरवडलं की आत हिरवं. अंगठ्याएवढ्या जाडीच्या अकरा काठ्या निवडल्या आणि बादलीत उभ्या करून ठेवल्या. जाऊबाईंनी बादली बघितली. मी म्हटलं, भिजवलं की कीड निघून जाते. त्यांना पटलं.

पक्षी मात्र मन लावून केले. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, जाड फांदीचे तिरपे तुकडे कापले, सालीच्या पट्ट्यांची शेपटी, काटकीची चोच. डोळ्यासाठी गिरमिटाने भोक. प्रत्येकाला एकच डोळा पाडला. जाऊबाईंच्या ते लक्षातही आलं नाही.

रोवताना त्या ओट्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होत्या. भिंतीलगत लाव, ओळीत लाव, पडतील बघ, खोल ठोक. भिंतीलगत त्यांच्या पाण्याचा पाइप जातो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी हातभर खोल ठोकल्या.

पाहुणे आले, कौतुक करून गेले. "सगळं घरीच केलं," असं जाऊबाई सांगत होत्या, मला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

तीन आठवड्यांनी पक्ष्यांच्या पायांशी पालवी फुटली. आधी त्यांना मौज वाटली. मग थोरले दीर बाहेर आले. ते निवृत्त प्लंबर. वाळुंजाची मुळं पाण्याच्या वासाने कुठवर जातात आणि पाइपाचं काय करतात, हे त्यांनी जन्मभर बघितलेलं. त्यांचा चेहराच उतरला. माळी आणला, त्याने काठ्या जमिनीलगत कापल्या. पुढच्या आठवड्यात एकेका खुंटाला चार चार कोंब. माळी म्हणाला, ज्याने लावलं त्यालाच विचारा.

म्हणून त्या आल्या. खुर्चीवर बसल्याही नाहीत.

"तुला माहीत होतं."

"हो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? सहा आठवडे ह्याच एका वाक्याची वाट बघत होते.

मग माझी अट सांगितली. दहा मी मुळासकट काढीन, पाइपाला धक्का न लावता. अकरावं माझ्या खिडकीखाली लागेल. खड्डा जाऊबाईंनी खणायचा, भावजींनी नाही, माळ्याने नाही. आणि पाणी रोज त्यांनीच घालायचं, मी असेन तोवर आणि नसेन तेव्हाही. पहिल्याएवढं व्हायला त्याला आठ-दहा वर्षं लागतील आणि मी आत्ताच अडुसष्टची आहे. ते झाड मला काही परत मिळत नाही. म्हणून तर खड्डा हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुदळ घेऊन आल्या. मी खुर्ची टाकून समोर बसले. बहात्तर वर्षांच्या बाईला खणताना बघून मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

गुडघाभर झाल्यावर त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं. "त्या अकरांना कुठे खड्डा लागला होता?"

"ह्याला लागतो," मी म्हटलं. "आता दोन्ही डोळ्यांनी बघतेय मी, जाऊबाई. अजून वीतभर हवा."