मल्लव्वाच्या जीपला तीन बोटं उंची

मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला दोन हात लांबीचा जुना कमानपाटा दिसतो ना, तो मी. पाटा म्हटल्यावर लगेच चटणी आठवू नका! जीपच्या खाली, चाकांच्या आसावर, बाक दिलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत असते. खड्डा आला की ती वाकते, पुन्हा उठते, म्हणून वर बसलेल्यांची हाडं शाबूत राहतात. त्या चळतीतला मी एक. मला बोलायची सवय नाही, वाकायची आहे. पण मल्लव्वाची गोष्ट सांगायची म्हटलं की मला राहवत नाही.

भट्टीत लालबुंद होऊन मी तेलात बुडालो, तेव्हा असा चुर्रर्र आवाज झाला की मला वाटलं, आता आपण जगात नाव काढणार! पहिली बारा वर्षं मी वनखात्याच्या जीपखाली काढली. मग ती जीप भंगारात निघाली. कसबा बावड्याच्या अण्णासो मिस्त्रींनी तिचे चार पाटे, म्हणजे मी आणि माझे तीन भाऊ, ‘कधीतरी लागतील’ म्हणून उचलून आणले. ते ‘कधीतरी’ काही उगवेना. दोन बाजूंना विटा मांडून आम्हाला त्यांवर आडवं टाकलं आणि आमच्या डोक्यावर पिण्याच्या पाण्याचं पिंप ठेवलं. नऊ वर्षं आम्ही तसेच. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण चिखलाचा पाय आमच्यावर टेकवायचा. जवळच साखर कारखाना, त्यामुळे अण्णासोंकडे सगळी कामं उसाच्या ट्रॉल्यांची. आमच्यासारख्या मऊ पाट्यांना तिथं कोण विचारणार?

आणि अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात मल्लव्वा आली! लिलावात घेतलेली जुनी जीप ती स्वतः चालवायची. पदर खोचलेला, कपाळावर भस्म, मागं बांगड्यांच्या पेट्या. माहेर गडहिंग्लजचं, धंदा गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर. रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून तिच्याकडं बघत, आणि ती हॉर्न वाजवून त्यांना बाजूला करी.

“अण्णासो, माझी गाडी तीन बोटं उचलून द्या,” ती म्हणाली. “जास्त न्हाय, तीनच.”

मग तिनं कारण सांगितलं. घाटमाथ्यावरच्या एका वाडीच्या वाटेवर खडकाचा उंचवटा आहे. पुढची चाकं पलीकडं जातात आणि जीपचं पोट खडकावर बसतं. गेल्या साली त्या वाडीतल्या तिच्या जुन्या गिऱ्हाईक तानाबाईंच्या थोरल्या नातीच्या लग्नाला ती तिथंच अडकली. दुखऱ्या गुडघ्यानं डोक्यावर टोपली घेऊन चालत पोचली, तोवर अक्षता पडल्या होत्या. नवरीचा चुडा राहिला म्हणून तानाबाईंनी स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवून नातीला भरल्या. मल्लव्वाला त्यांनी बोल लावला नाही. वर्षभर मात्र हातात एकेकच बांगडी ठेवली. ‘भरीन तर मल्लव्वाच्या हातनंच,’ असं म्हणाल्या म्हणे.

“आता धाकट्या नातीचं लगीन हाय, आठ दिवसांत,” मल्लव्वा म्हणाली. “मी शब्द दिलाय, ह्या डावाला गाडी दारात आणतो. न्हाय जमलं तर ती वाट मी कायमची सोडली. कुठल्या तोंडानं जाऊ?”

पिंपाखाली मी शहारलो. मला घ्या की, मला! पण पाट्याला हात नसतात, वर कसा करणार?

अण्णासोंनी विचार केला. पुण्याहून तयार सेट मागवावा, तर त्या पैशात मल्लव्वाचा मोसमाचा सगळा माल आला असता. पाट्याखाली लोखंडी ठोकळे सरकवावेत, तर ते स्वस्तात स्वस्त. पण ते अण्णासोंनीच उडवून लावलं. “घाटात वळणावर ठोकळा सरकला की गाडी दरीत. त्ये पाप मी करनार न्हाय.” आणि मग या भल्या माणसानं कसबा बावड्यातला कुठलाही मिस्त्री करील तेच केलं. ट्रॉलीचे पाटे घातले!

जीप पाच बोटं उचलली गेली. ऐटीत उभी राहिली. मल्लव्वानं टाळ्या वाजवल्या आणि पेट्या भरून उसाच्या शेतातल्या रस्त्यानं एक फेरी मारायला गेली. परत आली ती थेट मागं गेली. पेटी उघडली, तर आत हिरव्या काचांचा चुरा. बांगडी फुटली असं ती कधी म्हणायची नाही, वाढली म्हणायची. त्या दिवशी तीन पेट्या वाढल्या होत्या.

“पर पाटा मजबूत हाय की!” अण्णासो म्हणाले. “धा टन ऊस पेलतोय त्यो!”

“माझ्या बांगड्या म्हंजे ऊस न्हवं. हात आना हिकडं.”

“कशाला?”

“आना म्हन्तो न्हवं!”

तिनं त्यांचा काळाकुट्ट, ग्रीसनं माखलेला पंजा धरला आणि मोठ्या मापाची एक हिरवी बांगडी बोटांवर चढवली. अण्णासोंनी घाबरून हात ताठ केला. बांगडी अडली. “बघा, हात ताठ केला की बांगडी वाढती,” ती म्हणाली. “सोडा सैल. अजून सैल.” तिनं पंजा दाबला, वळवला, आणि बांगडी गपकन मनगटात! “तुमचा पाटा ताठ हाय, अण्णासो. मला सैल हात पायजे.”

“व्हय, कळलं. आता काढ की ही!”

“गाडी वाडीवर पोचली की काढतो.”

झालं! झुबकेदार मिशांचे अण्णासो मिस्त्री हातात हिरवी बांगडी घालून ट्रॉलीखाली झोपायला लागले. ड्रायव्हर लोक पोट धरधरून हसायचे. गॅरेजची दोन दिवस नुसती जत्रा झाली.

तिसऱ्या दिवशी वैतागून ते पाणी प्यायला आले आणि पिंपावर कोपर टेकून उभे राहिले. त्यांच्या भारानं पिंप जरासं खाली गेलं आणि अलगद वर आलं. अण्णासोंनी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. पिंपातल्या पाण्याचा एक थेंब सांडला नाही. ते खाली वाकले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नीट पाहिलं.

“आरं तिच्या मारी! हितंच हाय की!”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हाला कसं सांगू! रॉकेलनं आमचा गंज घासला. ऐरणीवर घेऊन, न तापवता, हातोडीचा एकेक ठोका देत आमचा बाक वाढवला. दर ठोक्याला ती बांगडी किणकिणत होती आणि अण्णासो डावा हात जपून बाजूला धरत होते. मग ट्रॉलीचे पाटे काढून टाकले आणि मापात कापून आम्हा चौघांना चार चाकांवरच्या जुन्या चळतींत एकेक जागा दिली. मधे ग्रीस भरलं. वर उचलल्यावर ब्रेकची नळी ताणली जाऊ नये म्हणून ती लांब घातली. मोजलं, तर नेमकी तीन बोटं. आणि सगळा खर्च झाला तो नुसत्या घामाचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. बांगडी काढून हवी होती, म्हणून अण्णासोही शेजारी बसले, बाही मनगटाखाली ओढून! गगनबावडा मागं पडला, डांबर संपलं, आणि तो खडक समोर आला. मल्लव्वानं देवाचं नाव घेतलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

पुढची चाकं चढली. मी वाकलो, पार वाकलो, इतका की जुनी हाडं करकरली. चाकं पलीकडं उतरली. आता पोट! खडक गाडीच्या पोटाखाली सरकत होता. मी सगळं बळ एकवटून ताणलो. ऊठ, ऊठ, आणखी केसभर ऊठ! बोटभर फट ठेवून अख्खा खडक खालून गेला! मागची चाकं धपकन उतरली, पेट्या एकदाच ‘किण्ण’ झाल्या, आणि मग सगळं शांत.

“वाढल्या काय गं?” अण्णासोंनी हळूच विचारलं.

“गप बसा. दारात गेल्याबिगार बघनार न्हाय.”

जीप मांडवासमोर थांबली. पोरंबाळं धावली. मल्लव्वानं पहिली पेटी उघडली, दुसरी उघडली, शेवटची उघडली. एकसुद्धा वाढली नव्हती! अण्णासोंनी आनंदानं दोन्ही हात वर केले, बाही घसरली, आणि अख्ख्या मांडवानं ती हिरवी बांगडी पाहिली. असं हसू मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मल्लव्वानं शब्द पाळून ती तिथंच काढून त्यांच्या हातात ठेवली.

नवरीचा चुडा झाला, बायकांचे हात भरले. तानाबाई शेवटी बसल्या. रापलेला, राठ हात पुढं केला.  मल्लव्वानं तो हात दोन्ही हातांत धरला नि ती म्हणाली, “सैल सोडा, आई.” तानाबाई म्हणाल्या, “तुझ्या हातात दिलाय की. मला कसली काळजी?” आणि एकेक बांगडी अलगद आत गेली.

त्यानंतर आम्ही आठ वर्षं त्या वाटेवर धावलो. मग मल्लव्वानं छोटा टेम्पो घेतला आणि जीप दुसऱ्याकडं गेली. त्यानं आम्हाला ग्रीसचं बोट कधी लावलं नाही. माझे तिघे भाऊ तडकले. त्यांची आठवण आली की अजून गलबलतं. मला तेवढं अण्णासोंनी शोधून परत आणलं आणि इथं टांगलं. खंडेनवमीला ते मला तेल लावतात, हळदकुंकू वाहतात.

मित्रांनो, जुनं म्हणून कुणाला पिंपाखाली टाकू नका. टाकण्याआधी एकदा दाबून बघा, त्याच्यात अजून किती वाकणं आणि उठणं शिल्लक आहे ते. आणि जे तुमच्यासाठी वाकतात, त्यांना वेळेवर तेलपाणी करा.

परवाच कुणी पाव्हणा नवी जीप घेऊन आला. “मिस्त्री, स्वस्तात उंच करा, पाटा एकदम कडक टाका,” म्हणाला. अण्णासोंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्या टोकाला अडकवलेली ती हिरवी बांगडी त्यांनी अलगद काढली, शर्टाला पुसली आणि म्हणाले, “पावणं, आधी जरा हात आना हिकडं.”